कळा आणायच्या म्हणजे नक्की काय करतात? जेल, फुगा, सलाईन आणि भरपूर वाट बघणं

माझं झालं ते असं. ४१ आठवडे भरले, कळांचा पत्ता नाही, डॉक्टर म्हणाल्या उद्या सकाळी ॲडमिट व्हा, आपण इंड्यूस करू, म्हणजे औषध देऊन कळा आणू. मी घरी येऊन आईला सांगितलं की उद्या डिलिव्हरी आहे. आईनं मावशीला सांगितलं आणि मावशीनं सगळ्या फॅमिली ग्रुपवर. सकाळी ९ ला ॲडमिट झाले आणि दुपारी १ पासून फोन सुरू, झालं का, अजून नाही का, मग आता सिझर करणार का. बाळ आलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वासहाला. म्हणजे ३३ तास. आणि गंमत म्हणजे यात काहीच बिघडलेलं नव्हतं, सगळं अगदी व्यवस्थित चाललं होतं, फक्त ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं त्यामुळे त्यातले निम्मे तास मी रडून काढले.

आता धाकट्या जावेला इंडक्शनची तारीख दिलीय, तिला फोनवर दोन तास जे समजावलं तेच इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही, तुमच्या केसमध्ये काय करायचं ते तुमच्या डॉक्टरच सांगणार, पण आत काय चाललंय हे माहीत असलं ना की घाबरायला बरंच कमी होतं.

तर पहिली गोष्ट, इंडक्शन म्हणजे एक इंजेक्शन मारलं आणि कळा सुरू, असं नसतं. यात दोन वेगवेगळी कामं असतात आणि बहुतेकांना दुसरंच माहीत असतं. दुसरं काम म्हणजे कळा आणणं. पण त्याच्या आधी पिशवीचं तोंड तयार व्हावं लागतं, आणि खरा वेळ तिथेच जातो. गर्भाशयाचं तोंड नऊ महिने घट्ट मिटलेलं असतं, त्याचं कामच ते. स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावून बघा, तेवढं ते कडक असतं. डिलिव्हरीच्या वेळेपर्यंत ते ओठासारखं मऊ व्हायला हवं. शिवाय ते तीनेक सेंटीमीटर लांब असतं, ते आखडून कागदासारखं पातळ व्हायला हवं, मागच्या बाजूला वळलेलं असतं ते पुढे यायला हवं, आणि मग १० सेंटीमीटर उघडायला हवं. आपोआप कळा येतात तेव्हा यातलं बरंचसं काम आधीचे आठ-पंधरा दिवस गुपचूप चाललेलं असतं, आपल्याला फक्त कंबर दुखतेय एवढंच कळतं. इंडक्शनमध्ये तेच पंधरा दिवसांचं काम एक-दोन दिवसात उरकायचं असतं. मग वेळ लागणारच की!

तोंड किती तयार आहे हे मोजायला डॉक्टरांकडे एक स्कोअर असतो, बिशप स्कोअर, १९६४ मध्ये एडवर्ड बिशप नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी तयार केलेला, अजून तोच वापरतात. तोंड किती उघडलंय, किती आखडलंय, किती मऊ आहे, कुठल्या दिशेला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय अशा पाच गोष्टींना मार्क देतात, एकूण १३ पैकी. ८ किंवा जास्त आले तर तोंड तयार आहे, थेट कळांच्या औषधाकडे जाता येतं. ६ किंवा कमी म्हणजे आधी तोंड मऊ करायचं औषध. ॲडमिट झाल्यावर पहिल्या तपासणीनंतर सरळ विचारा, मॅडम माझा स्कोअर किती आहे. माझा ३ होता. हा आकडा मला आणि घरच्यांना तेव्हाच कळला असता तर दुपारी १ चे फोन आलेच नसते.

सिस्टर लोक मात्र सेंटीमीटर वगैरे बोलत नाहीत, त्या बोटांत बोलतात. एक बोट, दोन बोटं. दोन बोटं म्हणजे साधारण तीन सेंटीमीटर धरा. दोन बोटं ऐकून मला वाटलेलं की बापरे एवढंच, पण पहिली दोन बोटंच सगळ्यात जास्त वेळ खातात, पुढचं त्या मानाने भराभर होतं.

इंडक्शन करतात कशासाठी ते थोडक्यात. दिवस उलटले, पाणी गेलं पण कळा नाहीत, बीपी वाढलं, शुगर आहे, बाळाची वाढ थांबलीय किंवा पाणी कमी झालंय, हालचाल कमी वाटतेय. म्हणजे बाळ आत राहण्यापेक्षा बाहेर आलेलं बरं असं डॉक्टरांना वाटतं तेव्हा. यातलं दिवस उलटण्याचं प्रकरण जरा नीट समजून घेण्यासारखं आहे. दिलेली तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, ४० आठवडे, आणि ती काही एक्सपायरी डेट नाही. पण ४१ च्या पुढे वार, म्हणजे बाळाला पोसणारी, जरा थकायला लागते, आणि बाळ पोटातच जाण्याचा धोका, जो मुळात खूपच कमी असतो, तो हळूहळू वाढायला लागतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की ४१ आठवडे नक्की पूर्ण झाले असतील तर इंडक्शन करावं, आणि बाकी सगळं नॉर्मल असेल तर त्याआधी उगाच करू नये. स्वीडनमध्ये याचा मोठा अभ्यास झाला होता, २०१९ मध्ये छापून आला, एका गटाला ४१ आठवड्यांना इंडक्शन आणि दुसऱ्या गटाला ४२ पर्यंत थांबवलं. थांबलेल्या गटात ६ बाळं गेली आणि इंडक्शनवाल्या गटात एकही नाही, तेव्हा तो अभ्यास अर्ध्यातच बंद केला. त्यामुळे "येईल की आपोआप, घाई काय" म्हणणाऱ्या आज्यांना मान द्या पण तारीख चुकवू नका.

यात "नक्की पूर्ण" हा शब्द महत्त्वाचा आहे बरं का. पाळीची तारीख चुकीची आठवत असेल तर सगळं गणितच चुकतं. पहिल्या तीन महिन्यातली सोनोग्राफी दिवसांच्या बाबतीत सगळ्यात भरवशाची, म्हणून तो जुना रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा, विशेषतः बाळंतपणाला माहेरी जाऊन डॉक्टर बदलला असेल तर.

आता प्रत्यक्ष काय काय करतात. काहींना ॲडमिट व्हायच्या आधीच ओपीडीत स्वीप करतात. म्हणजे आतून तपासताना बोट फिरवून पाण्याची पिशवी तोंडाच्या कडेपासून थोडी सोडवतात, त्यामुळे शरीर स्वतःच तोंड मऊ करणारं रसायन सोडतं. अर्धा मिनिट लागतो, दुखतं, नंतर थोडा रक्ताळलेला चिकट स्राव येतो तो चालतो. काहींना यानंच दोन दिवसात कळा येतात आणि पुढचं सगळं वाचतं. करण्याआधी विचारायला हवं पण बऱ्याचदा विचारत नाहीत, हे मात्र मला अजिबात पटत नाही.

मग जेल. बारीक लांब नळी लावलेली सिरिंज असते, फ्रीजमधून काढून आणतात, त्यामुळे पहिला अनुभव म्हणजे गार! औषधाचं नाव डिनोप्रोस्टोन, प्रमाण अर्धा मिलिग्रॅम, ते गर्भाशयाच्या तोंडात सोडतात आणि अर्धा तास आडवं पडायला सांगतात म्हणजे ते बाहेर येऊ नये. आधी आणि नंतर पोटाला पट्टा लावून बाळाचे ठोके बघतात. आणि मग काय, तर काहीच नाही. खरंच काही होत नाही बराच वेळ. पाळीसारखं पोट दुखतं, कंबर भरून येते, बस. सहा तासांनी परत तपासतात, गरज असेल तर दुसरं जेल, २४ तासात जास्तीत जास्त तीन. मला ११ ला पहिलं लावलं, ५ ला तपासलं तर एक बोट, सहा तासात फक्त एक बोट, मी उशीत तोंड खुपसून रडले. खरं तर तोंड लांबीला अर्धं झालं होतं आणि मऊ पडलं होतं, म्हणजे औषधानं काम केलं होतं. पण ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी फक्त बोटंच मोजत बसले होते. म्हणून सांगते, "किती उघडलं" एवढंच विचारू नका, "आधीपेक्षा मऊ झालंय का, आखडलंय का" हेही विचारा.

काही ठिकाणी जेलऐवजी गोळी देतात, मिसोप्रोस्टॉल. २५ मायक्रोग्रॅम, गिळायला दर दोन तासांनी किंवा योनीत आत ठेवून दर सहा तासांनी. या गोळीचं नाव गूगल केलंत तर पोटातल्या अल्सरची गोळी आणि गर्भपाताची गोळी असं येतं आणि माणूस हादरतो. औषध तेच आहे, फरक डोसचा, बाजारातली नेहमीची गोळी २०० मायक्रोग्रॅमची असते, म्हणजे याच्या आठपट. त्यामुळेच ही गोळी कुणाच्या सांगण्यावरून घरी कधीच घ्यायची नाही, ती देताना बाळाचे ठोके बघत राहावे लागतात. आणि आधीचं सिझर असेल तर ही गोळी वापरत नाहीत, जुन्या टाक्यांवर गर्भपिशवी फाटण्याचा धोका असतो, म्हणून दवाखाना बदलला असेल तर आधीच्या सिझरचं पहिल्याच मिनिटाला सांगा.

तिसरा प्रकार फुगा. हा ऐकून जाऊबाई किंचाळलीच. लघवीसाठी लावतात तीच फोलीची नळी, ती गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवतात आणि टोकाचा फुगा ३० ते ६० मिली पाण्यानं फुगवतात, फुगा आतून तोंडावर दाब देतो आणि तोंड हळूहळू उघडतं. नळी मांडीला चिकटवून ठेवतात. बसवताना कसंतरी होतं, पण नंतर हिंडता-फिरता येतं, बाथरूमला जाता येतं. तोंड तीनेक सेंटीमीटर उघडलं की फुगा आपोआप सुळकन बाहेर येतो, बऱ्याच जणींचा संडासात पडतो आणि त्या घाबरून ओरडतात, पण ती आनंदाची बातमी असते. यात औषध नसतं त्यामुळे कळा अचानक जोरात येण्याची भीती कमी.

गोळी बरी की फुगा बरा यावरचा एक मोठा अभ्यास तर आपल्या नागपुरातच झालाय, तिथल्या दोन सरकारी हॉस्पिटलमध्ये, बीपी वाढलेल्या ६०२ बायकांवर, आणि तो २०१७ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नामांकित जर्नलमध्ये छापून आला. गोळीवाल्यांपैकी ५७ टक्के बायकांची २४ तासात नॉर्मल डिलिव्हरी झाली आणि फुगावाल्यांची ४७ टक्के. गोळी जिंकली म्हणायचं, पण मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. जिंकलेल्या गटातसुद्धा १०० पैकी ४३ जणींची २४ तासात नॉर्मल डिलिव्हरी झाली नाही, कुणाला जास्त वेळ लागला, कुणाचं सिझर झालं. तेव्हा "सकाळी नेली, संध्याकाळी पेढे" हे गणित घरच्यांच्या डोक्यातून आधीच काढून टाका, दोन दिवस धरून चाला, आणि ग्रुपवर आधी कळवूच नका हा माझा प्रामाणिक सल्ला. मुहूर्तवाल्यांनाही तेच, अमुक नक्षत्रावर बाळ काढून द्या म्हणून इंडक्शन मागतात लोक, पण सुरू कधी करायचं तेवढंच आपल्या हातात असतं.

या वाट बघण्याच्या काळात खायला देतात का ते विचारून ठेवा. साधारण कळा जोरात सुरू होईपर्यंत हलकं खायला हरकत नसते, पण प्रत्येक दवाखान्याचा नियम वेगळा. मी वरणभात खाल्ला आणि कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या. शक्य असेल तेव्हा झोपा, खरंच झोपा, कारण पुढे झोप नाही. सोबत कोण राहणार ते पण आधी ठरवा. सरकारी हॉस्पिटलमध्येसुद्धा लेबर रूममध्ये सोबतीला एक बाई राहू द्यावी असं केंद्र सरकारनं २०१६ मध्येच सांगितलंय, प्रत्यक्षात कुठे मिळतं कुठे नाही, पण मागायला काय जातंय.

तोंड थोडं उघडलं, डोकं खाली बसलं की मग बऱ्याचदा पाण्याची पिशवी फोडतात. नाव ऐकून भीती वाटते पण त्या पडद्याला दुखणं-बिखणं काही नसतं, क्रोशाच्या सुईसारखा हुक असतो किंवा लांब चिमटा, आपल्याला दुखतं ते तपासणीचं. मग कोमट पाणी भळभळ येतं, आणि दर कळेला परत येत राहतं, मला वाटलं एकदाच येऊन संपेल, पण ते शेवटपर्यंत येतं, म्हणून पॅड जास्त न्या. पाण्याचा रंग सगळे बघतात. स्वच्छ किंवा किंचित गुलाबी असेल तर ठीक, हिरवट असेल तर बाळानं आत शी केलीय, मग ठोक्यांवर जास्त बारीक लक्ष ठेवतात. हिरवं म्हणजे लगेच सिझर असं नाही.

आणि मग ते प्रसिद्ध सलाईन. यात ऑक्सिटोसिन असतं, आपल्या मेंदूत तयार होणारं तेच हार्मोन, फक्त कारखान्यात बनवलेलं. व्हिन्सेंट दु विन्यो यांनी १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ चं नोबेल त्यांना मिळालं. आमच्या सासूबाईंना मात्र ते "म्हशीला टोचतात ते इंजेक्शन" म्हणून माहीत, आणि चूक नाही, दूध लवकर सुटावं म्हणून गोठ्यात त्याचा इतका गैरवापर झाला की २०१८ मध्ये सरकारनं खासगी कंपन्यांना ते बनवायलाच बंदी घातली होती, मग दिल्ली हायकोर्टानं ती बंदी रद्द केली, कारण बाळंतपणात या औषधावाचून चालत नाही.

जेल लावलं असेल तर सहा तास गेल्याशिवाय हे सलाईन लावत नाहीत, दोन्ही औषधं एकावर एक चढली तर कळा आवरत नाहीत. सुरुवात अगदी थोड्या थेंबांनी आणि दर अर्ध्या तासानं थोडं थोडं वाढवतात, १० मिनिटात तीन-चार चांगल्या कळा येईपर्यंत. सिस्टर येऊन पोटावर हात ठेवून घड्याळाकडे बघत बसते ना, ती तेच मोजत असते. पाचपेक्षा जास्त यायला लागल्या तर सलाईन कमी करतात किंवा बंद करतात, कारण प्रत्येक कळेत बाळाचा रक्तपुरवठा थोडा कमी होतो आणि दोन कळांच्या मध्ये त्याला दम घ्यायला वेळ हवा. याची चांगली बाजू म्हणजे सलाईन थांबवलं की काही मिनिटांत जोर उतरायला लागतो. पण हेच औषध डिलिव्हरीच्या आधी दंडात किंवा कमरेत इंजेक्शन म्हणून टोचलं तर परत काढता येत नाही. गावाकडे अजून कुणी कुणी "कळा वाढायचं इंजेक्शन" घरी येऊन देतात, ते अजिबात घेऊ नका, गर्भपिशवी फाटून बाई दगावू शकते.

दुखतं का जास्त? हो. आपोआप आलेल्या कळा हळूहळू चढतात, शरीराला सवय होत जाते, सलाईनच्या कळा मात्र जिना सोडून लिफ्टनं आल्यासारख्या येतात. ९ वाजता मी सिस्टरशी गप्पा मारत होते आणि ११ ला मला माझं नाव आठवत नव्हतं. एपिड्युरल, म्हणजे पाठीतून दुखणं कमी करायची सोय, तुमच्या दवाखान्यात आहे का, रात्री भूलतज्ज्ञ असतात का आणि खर्च किती हे सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवा, कळांमध्ये ही चौकशी होत नाही. कळ आली की कंबर जोरात दाबून द्यायला सांगा सोबतच्या माणसाला, माझ्या आईचे अंगठे दुसऱ्या दिवशी सुजले होते.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, इंड्यूस केलं की शेवटी सिझरच होतं ना. अमेरिकेत २०१८ मध्ये ६,१०६ पहिलटकरणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सगळ्या कमी धोक्याच्या. ३९ आठवड्यांना इंडक्शन केलेल्यांमध्ये सिझर १८.६ टक्के आणि वाट बघितलेल्यांमध्ये २२.२ टक्के. म्हणजे इंडक्शनमुळे सिझर वाढलं नाही, उलट थोडं कमीच. पण तिथे घाई करत नव्हते, हे विसरायचं नाही. आई आणि बाळ दोघं ठीक असतील तर पाण्याची पिशवी फोडून ऑक्सिटोसिन सुरू केल्यावर निदान १२ ते १८ तास थांबावं, तोवर इंडक्शन फेल झालं म्हणू नये असं तिथल्या डॉक्टरांच्या संघटनांनी सांगितलंय. तेव्हा पाच-सहा तासात "तोंडच उघडत नाही, सिझर करू" असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचारा, बाळाचे ठोके ठीक आहेत का, आणि असतील तर अजून थांबता येईल का. ठोके ठीक नाहीत असं उत्तर आलं तर मात्र वाद घालू नका, सही करा.

सिस्टरला लगेच हाक मारायची ते पण सांगून ठेवते. दोन कळांच्या मध्ये पोट सैलच पडत नाहीये, पाळीसारखं लाल रक्त वाहतंय, बाळ हलेनासं झालंय, पाणी हिरवं आलंय, किंवा डोकं फाटतंय आणि डोळ्यापुढे चमकतंय. त्या वेळी सिस्टर ओरडेल का वगैरे विचार करायचा नाही.

आणि एरंडेल. कुणीतरी ते सुचवणारच. त्यानं जुलाब लागतात, उलट्या होतात, आणि ऐन कळांच्या वेळी अंगात त्राण राहत नाही. दुधात तूप घालून प्या, चालेल, त्यानं कळा येत नाहीत पण निदान चव तरी चांगली लागते.

बाळ बाहेर आलं की संपलं असं वाटतं, पण सलाईन लगेच काढत नाहीत, बऱ्याचदा आणखी काही तास चालू ठेवतात, कारण गर्भपिशवी आवळली नाही तर रक्तस्राव होतो आणि आवळायचं काम तेच औषध करतं. ज्यांना इंड्यूस केलेलं नसतं त्यांनासुद्धा बाळ आल्या आल्या याचंच इंजेक्शन देतात. मला तेव्हा थंडी वाजून सगळं अंग थाडथाड उडत होतं, दात वाजत होते, तेही बऱ्याच जणींना होतं, थोड्या वेळानं थांबतं. मग दुसऱ्या दिवशी सगळ्या नळ्या निघाल्या, मी बाळाला पाजायला घेतलं आणि पोटात एकदम ओळखीचा मुरडा आला. मी घाबरून सिस्टरला म्हटलं, परत कळा? ती हसली, म्हणाली, पाजताना येतात अशा, पिशवी आवळतेय, आता सलाईन तुमचं तुम्हीच बनवताय.